डाव्या पायाचं माप

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे कॉलरमावशी म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं तिने शर्टाच्या कॉलरीशिवाय दुसरं काही शिवलं नव्हतं. बाह्या एकीकडे, खिसे दुसरीकडे, काजं-बटणं तिसरीकडे, पण कॉलर आली की ती मावशीच्याच मशिनवर. दोन्ही टोकं अशी काढायची की एक झाकलं तर दुसऱ्यावरून त्याचं माप घ्यावं. नवीन आलेल्या मुली तिच्या शेजारचं मशिन मिळावं म्हणून सुपरवायझरच्या मागे लागायच्या. मावशी शिकवायची छान, आणि शिकवताना हसवायचीही.

मावशीचा नवरा म्हणजे ओघानेच काका. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. माणूस मोजूनमापून बोलणारा, पण वेळेच्या बाबतीत भलताच काटेकोर. "आलेच पाच मिनिटांत" असं कुणी म्हणालं की काका खरंच घड्याळ लावून बसायचे. एकुलता मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात उरली सून. ती इस्पितळात नर्स होती. चणीने उंच, काटक आणि पळण्यात एकदम तरबेज. शहरातल्या पळणाऱ्या बायकांचा एक गट होता, त्यात लग्नाआधीपासून तिचं नाव पहिल्या तिघींत असायचं.

दोन वर्षांपूर्वी मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, बसून बसून आखडलेत, रोज चालत जा. मावशी चार दिवस चालली आणि पाचव्या दिवशी कंटाळली. तेव्हा सूनच म्हणाली, "आई, रविवारी माझ्याबरोबर मैदानावर चला. एक फेरी चालू, अर्धी पळू. जमलं तर जमलं."

जमलं. मावशीलाच त्याचं नवल वाटलं. पहिल्या महिन्यात अर्धी फेरी, मग एक, मग दोन, आणि सहा महिन्यांनी पुरते पाच किलोमीटर. धापा टाकत, लालबुंद होत, पण न थांबता. सून शेजारी हळूहळू पळत राहायची आणि इस्पितळातल्या गमती सांगायची. मावशीला उत्तर द्यायला श्वास पुरायचा नाही, म्हणून ती फक्त "हं" आणि "अय्या" एवढंच म्हणायची. आठवड्याचा हा एक तास तिला इतका आवडायला लागला, की शनिवारीच बूट दाराशी काढून ठेवायची.

एका रविवारी पळून झाल्यावर मावशी नळाशी तोंड धूत होती. पलीकडे झाडाखाली सुनेला तिच्या जुन्या गटातल्या दोघींनी गाठलं होतं.

"काय गं, परत कधी येणार आमच्यात? दोन वर्षं झाली. अशाने गंज चढेल तुला."

"रविवारी आईंबरोबर असते ना मी," सून म्हणाली. "एकच तर सुट्टी मिळते."

बोलण्यात तक्रार नव्हती, सुस्काराही नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं इतक्या सहज ती बोलून गेली.  पण मावशी तोंडावर पाणी मारत तशीच उभी राहिली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा दिसलं, की आपल्या शेजारी पळताना सून पळत नाहीच, नुसती पळण्यासारखे हातपाय हलवते. पतंगाला दोर असतो तशी आपण तिला दोन वर्षं धरून ठेवलीय.

घरी येऊन तिने काकांना बाजूला घेतलं. "अहो, मला जोरात पळायला शिकायचंय."

काकांनी भिंग कपाळावर सरकवलं. "कुणाच्या मागे?"

"थट्टा नको. मी अशी गोगलगायीसारखी पळते म्हणून ती पोर अडकून पडलीय. 'तू जा' म्हटलं तर ती जायची नाही, मला वाईट वाटेल म्हणून. तेव्हा मलाच वेग वाढवायला हवा. आणि तिला यातलं एक अक्षर कळता कामा नये."

 काकांनी खणातून एक जुनं स्टॉपवॉच काढलं, किल्ली दिली आणि कानाला लावून पाहिलं. "आत्ता किती लागतात पाच किलोमीटरला?"

"चाळीसेक मिनिटं."

"चाळीसेक म्हणजे काय? मोजू."

मोजले. एकेचाळीस मिनिटं, सत्तावीस सेकंद.

पहिला उपाय मावशीने चारचौघींसारखाच केला. शेजारच्या मशिनवरच्या मुलीने तिच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यातली बाई गोड आवाजात सांगायची, आठवड्यातून पाच दिवस पळा, पाऊल लांब टाका, दर आठवड्याला अंतर वाढवा. मावशी आज्ञाधारक. कारखान्यात जाण्याआधी उजाडताच उठून गल्लीमागच्या रस्त्यावर ती ढांगा टाकत पळू लागली. सुनेची त्या महिन्यात सकाळची ड्यूटी होती, त्यामुळे सगळं गुपचूप चालू होतं. तीन आठवडे असे गेले. चौथ्या आठवड्यात उजव्या नडगीत अशी कळ उठली, की मावशी रस्त्याकडेच्या कट्ट्यावरच बसली. घरापर्यंत कशीबशी लंगडत आली, पाय उशीवर ठेवून पडली, आणि तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, "शाब्बास! तुमची प्रगती उत्तम चालू आहे!"

"हिला कुणीतरी गप्प करा हो," मावशी म्हणाली.

संध्याकाळी सुनेने नडगी दाबून पाहिली, बर्फ लावला, पट्टी बांधली. "कशाने झालं, आई?"

"जिन्यावरून घसरले."

"घसरल्यावर इथे दुखत नाही," सून म्हणाली आणि सासूकडे रोखून पाहत राहिली. काकांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. ते उलटं होतं.

दोन आठवडे पळणं बंद. बसल्या जागी मावशीने खूप विचार केला. ॲपमधल्या बाईवर तिचा राग नव्हता. पण त्या बाईने आपल्याला पाहिलेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ठेंगणे पाय, रुंद कंबर, दिवसभर स्टुलावर बसणं, यातलं त्या बाईला काय माहीत? "हे रेडिमेड आहे हो," ती काकांना म्हणाली. "कुणालाही होईल असं शिवलेलं. मला अंगाचं माप घेऊनच शिवायला पाहिजे."

काकांना वाटलं, ती बोलण्यापुरतं बोलतेय. पण मावशीने पाय बरा झाल्यावर खरंच पर्समधून माप घ्यायची टेप काढली.

मैदानाच्या एका कडेला मातीचा पट्टा होता. मैदानाचा राखणदार सकाळी त्यावर पाणी मारायचा. ओल्या मातीवरून मावशी एकदा आपल्या नेहमीच्या चालीने पळत गेली, मग परत फिरून उकिडवी बसली आणि पावलांच्या ठशांमधलं अंतर टेपने मोजू लागली. काका वहीत लिहीत होते. राखणदार पाण्याचा पाइप हातात धरून तोंडाचा आ करून बघत उभा होता.

"काही हरवलं का, मावशी?"

"अजून माहीत नाही," मावशी म्हणाली. "सापडलं की सांगते."

सापडलं. उजव्या पायाने रेटा दिला की पुढचं पाऊल तेहतीस इंचांवर पडत होतं. डाव्याने रेटा दिला की एकोणतीस. तिला वाटलं, मोजताना चुकलं. पुन्हा पळाली, पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"चार इंचांचा फरक!" मावशी टाचांवर मागे रेलली. "अहो, एक बाही चार इंच आखूड असलेला शर्ट मी कधी दाराबाहेर जाऊ दिला असता का?"

मग पुढचे आठ दिवस ती स्वतःवरच नजर ठेवून राहिली, आणि जे दिसलं त्याने थक्क झाली. मशिनचं पॅडल उजव्या पायाने दाबायचं, डावा पाय स्टुलाखाली मुडपून ठेवलेला. उठताना भार उजव्यावर. जिना चढताना पहिली पायरी उजव्याने. बसच्या रांगेत उभं राहायचं तेही उजव्या पायावर, डावा नुसता टेकवलेला. अठ्ठावीस वर्षं डावा पाय पाहुण्यासारखा घरात राहत होता. बिचारा नाव ठेवण्याजोगं काही करत नव्हता, पण कामालाही हात लावत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मावशीने पाहुण्याला कामाला लावलं.

दात घासायचे ते डाव्या पायावर उभं राहून. दूध तापेपर्यंत डाव्या पायावर. जिन्याची पहिली पायरी डाव्याने, आणि घरी कुणी नसलं की शेवटच्या सहा पायऱ्या एकट्या डाव्या पायाने, कठड्याला धरून, लंगडी घालत. पहिले काही दिवस पाय असा थरथरायचा की मशिनवरची सुई बरी. कारखान्यात तर तिने कहर केला. पॅडल सरकवून डाव्या पायाखाली घेतलं. ज्या पायाला गरज होती त्याला दिवसाचे आठ तास आयते मिळत असताना सोडायचे कशाला, असा तिचा हिशोब. पण डाव्या पायाला पॅडलची ओळख नव्हती. मशिन मध्येच भरधाव सुटायचं, मध्येच अडायचं. दुपारपर्यंत अकरा कॉलरी वाकड्या झाल्या.

सुपरवायझर एक कॉलर बोटांत धरून आला. ज्या बाईच्या कामात अठ्ठावीस वर्षांत खोट निघाली नव्हती, तिला काय बोलायचं हे त्याला सुचेना. "मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत फर्स्ट क्लास आहे. पाय बदललाय."

"पाय?"

"जेवणाच्या सुट्टीत सगळ्या उसवून पुन्हा शिवून देते. आणि उद्यापासून पॅडल जागच्या जागी, शब्द देते. हा प्रयोग फसला."

तेवढा एक प्रयोग तिने सोडला, बाकीचे चालू ठेवले. पळण्याचीही रीत तिने स्वतःच बसवली. पाच दिवस पळून आपण थकतो आणि थकलो की उजवाच पाय पुढे पुढे करतो, हे वहीतल्या आकड्यांवरून दिसत होतं. म्हणून तिने तीनच दिवस ठेवले. रविवारी सुनेबरोबर, आणि मधल्या दोन दिवशी बसस्टॉप ते कारखान्याचं फाटक. त्या रस्त्यावर विजेचे बावीस खांब होते. एक खांब जीव घेऊन पळायचं, एक खांब चालायचं. ढांगा लांब टाकायच्या नाहीत, पावलं भराभर उचलायची, आणि लक्ष सगळं डाव्याच्या रेट्यावर. हातात डब्याची पिशवी, पायात बूट, अंगावर कामाचे कपडे. फाटकावरचा वॉचमन पहिल्या दिवशी धावत पुढे आला होता. त्याला वाटलं, मावशीच्या मागे कुणीतरी लागलंय.

सहा आठवड्यांनी पुन्हा ओल्या मातीवर मोजलं. फरक साडेतीन इंच. मावशीचा चेहरा पडला. एवढ्या खटाटोपात अर्धा इंच!

काका वही मिटत म्हणाले, "माझ्याकडे येणारं घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडत असेल आणि मी ते साडेतीनवर आणलं, तर गिऱ्हाईक शिव्या देईल. पण मला कळलेलं असतं की स्क्रू बरोबर दिशेने फिरतोय."

एवढं लांबलचक काका सहसा बोलत नसत. मावशीने ते मनावर घेतलं. तीन महिन्यांनी फरक दोन इंचांवर आला, पाच महिन्यांनी जेमतेम एकावर. आणि स्टॉपवॉच एकेचाळीसवरून अडतीसवर, मग छत्तीसवर उतरलं. रविवारी मात्र ती मुद्दाम जुन्याच चालीने पळायची, अधूनमधून धापेचं नाटकही करायची. सगळं एकदमच दाखवायचं तिने ठरवलं होतं.

नर्स सुनेच्या नजरेतून या गोष्टी सुटतील हे शक्यच नव्हतं. एका सकाळी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तर सासू ओट्याशी एका पायावर, डोळे मिटून, हात पसरून उभी. सुनेने आवाज न करता जाऊन ब्लडप्रेशरचं यंत्र आणलं.

"आई, बसा बघू. चक्कर येते का? किती दिवसांपासून?"

"नाही गं, मी आपली..."

"बोलू नका, आकडा चुकतो."

प्रेशर उत्तम निघालं. त्याने सुनेची काळजी कमी होण्याऐवजी वाढली. तिने सासऱ्यांना गाठलं. "बाबा, आई काहीतरी मोजत असतात. मैदानाचा राखणदार म्हणाला, मातीत टेप लावून बसतात. तुम्हाला काही माहीत आहे?"

"टेप?" काका म्हणाले. "कसली टेप?" आणि दुकान उघडायला वीस मिनिटं लवकर निघून गेले. काका वेळेआधी घराबाहेर पडले, यावरूनच सुनेला कळलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

मग शहराची वार्षिक शर्यत आली. पाच किलोमीटरची, हौशी लोकांची. सुनेने दोघींची नावं एकाच रांगेत दिली, शेवटच्या रांगेत. मावशीने तो कागद पाहिला आणि तिला म्हणाली, "तुझं नाव पुढच्या रांगेत घाल. तुझ्या गटाबरोबर."

"आणि तुमच्याबरोबर कोण?"

"मी."

"आई, काहीतरीच. गर्दी असते, ढकलाढकल होते. मी शेजारी असलेली बरी."

"बस इथे," मावशी म्हणाली. सून बसली. "एक विचारते, खरं सांगायचं. माझ्याबरोबर पळताना तुला कंटाळा येतो की नाही?"

सून नखांकडे बघत राहिली.  "येतो कधी कधी," ती शेवटी म्हणाली. "शेवटच्या दोन फेऱ्यांना तर वाटतं, हे मैदान कुणीतरी लांबवत नेतंय की काय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसू फुटलं. मावशीला वाटलं होतं, हे ऐकून वाईट वाटेल. उलट छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"पण आई," सून डोळे पुसत म्हणाली, "गटात सगळ्या तोंड मिटून पळतात. दिवसभर वॉर्डात जे साठतं ते मी त्यांच्याशी कुठे बोलणार? ते तुमच्याशीच बोलता येतं. म्हणून मला ते सोडवत नाही."

 मावशी म्हणाली, "या एका दिवशी तू तुझं पळ. मी माझं पळते. माझ्यासाठी एवढं कर."

शर्यतीच्या सकाळी सून पुढच्या रांगेत गेली, पण दर मिनिटाला मागे वळून बघत होती. मावशी मागच्या गर्दीत उभी होती.  शर्यत सुटल्याबरोबर माणसं दोन्ही बाजूंनी अशी निघून गेली, की तिला क्षणभर आपण मागे मागे जातोय असं वाटलं. पण तिने आपली चाल सोडली नाही. बारीक, भरभर पावलं. डावा, डावा, डावा. दुसऱ्या किलोमीटरला पुढे गेलेल्यांपैकी बरेच जण चालताना दिसायला लागले. तिसऱ्याला एक सुटाबुटातला वाटावा असा ऐटबाज गृहस्थ तिने मागे टाकला आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली. चौथ्यापाशी डावी मांडी पेटली. पूर्वी अशा वेळी उजवा पाय पुढे होऊन सगळं सावरून घ्यायचा. आज तिने त्याला दटावलं आणि डाव्याकडूनच काम करून घेतलं. शेवटच्या वळणावर काका दिसले. ते हात हलवत नव्हते, ओरडतही नव्हते. स्टॉपवॉचवर अंगठा ठेवून श्वास रोखून उभे होते.

बत्तीस मिनिटं, एक्कावन्न सेकंद. मंडपातल्या मोठ्या घड्याळात त्रेपन्न दिसत होते. काका तिथल्या माणसाला समजवायला निघाले, पण मावशीने त्यांची बाही धरून ठेवली. तिला उभं राहायला आधार हवा होता.

"ती कुठे आहे?" श्वास परत आल्यावर तिने विचारलं.

सून चोवीस मिनिटांत पोचली होती, तिच्या आजवरच्या सगळ्या शर्यतींपेक्षा लवकर. पण ती मंडपात नव्हती. पाण्याच्या टेबलापाशी नव्हती. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. आता घाबरायची पाळी मावशीची होती.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूच्या गल्लीतून सून अक्षरशः उधळत आली. केस सुटलेले, चेहरा पांढराफटक. "बाबा! आई सापडत नाहीत! चौथ्या किलोमीटरपर्यंत उलटी गेले, शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबले. प्रथमोपचाराच्या तंबूत पाहिलं, अँब्युलन्समध्ये पाहिलं..." आणि मग काकांच्या मागे खुर्चीत बसून केळं खात असलेली सासू तिला दिसली.

"तुम्ही... तुम्ही कधी आलात?"

"झाली की वीस मिनिटं," मावशी म्हणाली.

सासूला आधार द्यायला म्हणून सून मधल्या गल्लीने चौथ्या किलोमीटरवर गेली होती. पण तिथे पोचली तेव्हा मावशीला तिथून पुढे जाऊन पाच-सहा मिनिटं झाली होती. सून तिला तिच्या जुन्या चालीने पळणाऱ्या लोकांमध्ये शोधत राहिली.

काकांनी तिच्यापुढे स्टॉपवॉच धरलं. सुनेने आकडा पाहिला, सासूकडे पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला. मग ती मावशीच्या खुर्चीशी मटकन खाली बसली आणि तिला बोलता येईल तेवढं रागावली. टेप, एक पाय, जिन्यावरून घसरणं, धापेची नाटकं, सगळ्याचा जाब एकाच दमात. रागावता रागावताच रडली, आणि रडता रडताच तिचा हात मावशीच्या मनगटावर गेला, नाडी मोजायला.

"किती आहे?" मावशीने विचारलं.

"जरा गप्प बसा ना, आई."

आता रविवारी दोघी सुरुवातीला तीन फेऱ्या एकत्र मारतात. सून आपल्या निवांत चालीने पळते. मावशीला तेवढ्यासाठीही अजून जीव तोडून पळावं लागतं, पण अधूनमधून एखादं पुरतं वाक्य बोलण्याइतका श्वास आता उरतो. तीन फेऱ्यांनंतर सून गटाबरोबर निघून जाते आणि मावशी एकटी पळते. कधी कधी मात्र वॉर्डातली एखादी गोष्ट अर्ध्यावर राहिलेली असते. मग गटातल्या बायका झाडाखाली पाय झटकत ताटकळत उभ्या राहतात, आणि या दोघी बोलत बोलत आणखी एक फेरी घेतात.